खण शिवायला कसा आहे: हातमागाचा, यंत्रमागाचा आणि कपाटातला ओटीचा

माझ्या मशीनखालून तीन प्रकारचे खण गेले आहेत. एक गुळेदगुड्डचा हातमागावरचा, दुसरा बाजारात मीटरवर मिळणारा यंत्रमागावरचा आणि तिसरा प्रत्येक मराठी घराच्या कपाटात साठत जाणारा ओटीचा. तिन्हींना आपण खणच म्हणतो, पण कात्री लावली की तिन्ही कापडं वेगवेगळी वागतात. कशाचं काय शिवावं हे दुकानात सहसा कोणी सांगत नाही. हौसेने शिवणाऱ्या कितीतरी जणी महागाचा खण आणतात, त्याची पिशवी शिवतात आणि दोन महिन्यांत ती शिवणीवर विरली म्हणून हळहळतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

मी शिवणकाम पोटापाण्यासाठी करत नाही. सांगलीत कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि रविवारची दुपार नि सुट्ट्या मशीनवर घालवते. बटवे, पिशव्या, भाच्यांची परकर-पोलकी, बाळांची टोपडी, वहीची कव्हरं असं लहानसहान शिवते. घरी वापरते, नाहीतर भेट देते. आईकडून आलेलं काळं मशीन आहे, त्याला मोटर बसवून घेतली आहे. झिगझॅगसाठी एक छोटं पांढरं मशीन वेगळं आहे. यापलीकडे खास काही लागत नाही.

आधी हातमागाच्या खणाबद्दल, कारण माझा जीव त्यात आहे.

खण महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या नेसला-ल्यायला गेला, पण तो विणला जातो कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात, बदामीजवळच्या गुळेदगुड्ड या गावी. त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. इरकल लुगडं ज्या इळकलचं, ते गावही त्याच जिल्ह्यातलं, म्हणूनच इरकल आणि खणाची चोळी ही जोडी जमली. पारंपरिक खणात ताणा, म्हणजे लांबीचे उभे धागे, रेशमाचा किंवा कृत्रिम रेशमाचा असतो आणि बाणा, म्हणजे आडवे धागे, सुती. अंगभर बारीक बुट्टी आणि दोन्ही कडांना काठ. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, अरुंद. माझ्याकडच्या तुकड्यांचा 30 इंचांच्या आसपास भरतो.

हा पन्हा, हे दोन काठ आणि ही बारीक बुट्टी चोळीसाठी ठरलेली आहे. गाठीची चोळी बेतली की काठ बाह्यांच्या टोकाला येतो, काखेतल्या कळ्या उरलेल्या भागातून निघतात आणि वाया जाणारं कापड अगदी थोडं. म्हणून हातमागाचा खण हाती आला की मी आधी शिवायच्या वस्तूचं माप पन्ह्याशी ताडून बघते. ज्या वस्तूत पन्हा पुरा वापरला जातो आणि काठाला नेमकी जागा मिळते, तीच त्याची शिवते. घेरदार झगा, पॅन्ट, लांब कुर्ता यांना हे कापड लावायला मी कोणालाच सांगणार नाही. जोड द्यावे लागतात, काठ भलतीकडे येतो आणि पैसे जातात ते वेगळेच.

उत्तम उदाहरण म्हणजे लहान मुलीचा परकर. पाच-सहा वर्षांच्या मुलीला 24 ते 26 इंच उंची पुरते. खण आडवा धरायचा, म्हणजे पन्हा हीच परकराची उंची आणि कापडाची लांबी हा घेर. खालचा काठ आपसूक घोट्यापाशी येतो, दुमडून शिलाई मारायची गरज नाही, कारण किनार मुळातच पक्की असते. वरच्या बाजूचा काठ कापून घ्यायचा आणि पोलक्याच्या बाह्यांना लावायचा. घेराला अडीच मीटर अखंड कापड घेतलं तर कंबरेला छान दाट चुण्या पडतात. माझ्या धाकट्या भाचीला गौरींसाठी असा वांगी रंगाचा परकर शिवला, तेव्हा ती दिवसभर गोल गोल फिरत होती आणि तिची आजी मला म्हणाली, "अगं, आमच्या लहानपणी असंच होतं, फक्त तेव्हा पोलक्याला बटणं नसायची, बंद असायचे." पुढच्या पोलक्याला मी बंदच लावले.

पण या परकरात एक मेख आहे आणि ती समजून घेतली नाही तर नुकसान होतं. बाणा सुती असल्याने धुतल्यावर आडवा धागा आटतो. ताण्याचं रेशीम फारसं हलत नाही. म्हणजे कापड लांबीला होतं तेवढंच राहतं आणि पन्हा कमी होतो. माझ्या एका तुकड्याचा पन्हा पाण्यातून काढल्यावर चांगला बोटभर आत आला. परकर आधी शिवला आणि मग धुतला, तर तो उंचीला आखूड होणार. त्यामुळे बेतण्याआधी खण गार पाण्यात अर्धा तास भिजवायचा, न पिळता सावलीत पसरून वाळवायचा आणि किंचित दमट असतानाच उलट्या बाजूने इस्त्री करायची. पहिल्या पाण्यात खळ जाते, थोडी चकाकीही जाते. मला तो उतरलेला पोत जास्त आवडतो. अंगालगत बसतो, टोचत नाही.

भिजवण्याआधी रंग तपासावा. पांढऱ्या मलमलीचा तुकडा ओला करून कापडावर, विशेषतः काठावर, जोरात घासायचा. तांबडा, किरमिजी आणि काळा रंग हमखास उतरतो. रंग उतरत असेल तर त्याच्यासोबत पांढरं किंवा फिकं कापड एका वस्तूत वापरू नये. मीठ घालून रंग पक्का होतो असं पुष्कळ सांगतात, मला तसा अनुभव नाही. रंग निघेपर्यंत गार पाण्यातून खळबळून काढणं हेच खरं.

हातमागाच्या खणात मला सगळ्यात मोहवणारी गोष्ट म्हणजे त्याचा दुरंगी झळाळ. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या. हिरव्या ताण्यात तांबडा बाणा असेल तर खिडकीशी धरलेलं कापड एका बाजूने हिरवं दिसतं, वळवलं की मातकट तांबूस. प्रकाश चकचकीत रेशमी धाग्यावरून कसा परावर्तित होतो आणि मंद सुती धाग्यावर कसा विखुरतो, हे मी वर्गात शिकवते; इथे ते हातात धरून बघता येतं. अकरावीच्या मुलांना एकदा मी खणाचा तुकडा नेऊन दाखवला, मागच्या बाकावरची मुलंसुद्धा उठून पुढे आली.

शिवणाऱ्याने मात्र या झळाळापासून सावध राहायला हवं. एक तुकडा उभा आणि एक आडवा कापून शेजारी जोडला, तर दोन वेगळ्या ताग्यांतले वाटतात. काही बुट्ट्यांना वर-खाली अशी दिशाही असते. म्हणून कातरण वाचवायच्या नादात तुकडे आडवेतिडवे बेतू नयेत. मी सगळ्या भागांच्या उलट बाजूवर खडूने बाण काढते आणि बाण एकाच दिशेने ठेवूनच जोडते.

उलट बाजू बघितली की आणखी एक गोष्ट कळते. बुट्टीचे धागे जिथे वर दिसत नाहीत तिथे ते मागून मोकळे धावतात. अंगठीत, नखात, बाळाच्या बोटात हे धागे अडकतात. त्यामुळे खणाला अस्तर हवंच. बाळाचं टोपडं किंवा कुंची शिवताना मी आतून दुहेरी मलमल लावते आणि तीसुद्धा आधी धुतलेली. पाचवीला किंवा बारशाला तासभर घालण्यापुरतीच ती असते, पण तो तासभरही बाळाच्या टाळूला मऊ लागावं.

आता उसवण्याचा प्रश्न, कारण बहुतेकांची तक्रार हीच असते. खणाचा ताणा गुळगुळीत आहे. कापलेल्या कडेवरून धागे सहज निसटतात आणि शिवणीवर ताण आला की टाके शाबूत राहून कापडच बाजूला सरकतं. विकत घेताना एक साधी परीक्षा करा. कापड दोन्ही अंगठ्यांखाली घट्ट धरा आणि मधला भाग दोन्हीकडे ओढा. धागे सरकून मध्ये जाळी दिसू लागली तर त्या खणाचा घट्ट ब्लाउज शिवायचा नाही. बटवा, कव्हर, परकर यांना तो चालेल, कारण तिथे शिवणीवर जोर येत नाही.

ब्लाउज शिवायचाच असेल तर पॉपलिनचं अस्तर वेगळं टांगून लावू नये. खण आणि अस्तर एकावर एक ठेवून कडेने कच्चा टाका घालायचा आणि दोन्ही मिळून एकच कापड समजून शिवायचं. मग ओढ अस्तरावर येते. मुंढ्याला आणि पाठीच्या टक्सना याचा फार फायदा होतो. माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडायचं कापड, नेहमीपेक्षा जास्त, पाऊण इंच तरी ठेवावी. कडांना झिगझॅग मारावी किंवा बाजारातून इंटरलॉक करून आणावं. काळ्या मशीनवर झिगझॅग नसेल तर दुमडशिवण घालावी, म्हणजे आधी सुलट बाजूने बारीक टीप, मग उलटून दुसरी टीप, कच्ची कड आत बंद. परकराच्या बाजूच्या जोडाला मी हीच घालते.

सुई 11 नंबरची आणि नवी. बोथट सुईने खणाचे धागे खेचले जातात आणि टिपेच्या कडेने आडवी रेघ उमटते, ती इस्त्रीनेही जात नाही. टाका मध्यम ठेवावा, इंचाला दहा-बारा. फार बारीक टाका घातला की कापड शिवणीवर आवळतं. वरच्या धाग्याचा ताण अर्धा फेरा सैल केला की चुरगळ थांबते. टाचण्या काठाच्या मायेतच टोचाव्यात, बुट्टीच्या मध्यावर टोचलेल्या टाचणीचं भोक दिसत राहतं.

बटव्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण हातमागाच्या खणाची सुरुवात त्यानेच करावी. 30 इंच पन्ह्यात दोन्ही काठांकडून 12-12 इंचांच्या पट्ट्या काढल्या की मध्ये 6 इंचांची पट्टी उरते. काठाकडच्या पट्टीचा बटवा होतो, काठ तोंडाशी येतो आणि मधल्या पट्टीतून गोल तळ नि आतला कप्पा निघतो. दोन बटवे होतात, टाकायला जवळजवळ काही उरत नाही. तळाला फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं ताठ अस्तर, लावावं. तेही कापड कापायच्या आधी. एक अख्खा चौकोन इस्त्रीने चिकटवायचा आणि मग त्यातून गोल कापायचा, म्हणजे कड सुटत नाही. नाडी ओवायची पट्टी काठाच्या लगेच खाली घेतली तर बटवा ओढल्यावर काठाची चुणीदार झालर होते. ती झालर बघायला मिळावी म्हणूनसुद्धा मी बटवे शिवते. नाडी खणाची करू नये. खणाची क्रॉस, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी नीट ताणली जात नाही, एकीकडे लांबते नि दुसरीकडे फुगते. पायपिंगचंही तेच. नाडी आणि पायपिंग दोन्ही सुती कापडाचीच करावी, रंग बुट्टीतला उचलावा.

यंत्रमागाचा खण वेगळ्याच कामाचा. गेल्या काही वर्षांत खणाच्या साड्या, कुर्ते, जॅकेटं, उशांचे अभ्रे दिसू लागले, ते बहुतेक याच कापडाचे. पन्हा रुंद, रंग भरपूर, किंमत आवाक्यातली. मला ते मीटरला दीडशे-दोनशेच्या आसपास मिळतं. हातमागाच्या चांगल्या खणाला त्याच्या कित्येक पट मोजावे लागतात. त्यात बहुधा पॉलिस्टर असतं आणि त्याचे फायदेही आहेत. रंग जात नाही, आटत नाही, मशीनमध्ये धुता येतं. बाजाराची पिशवी, डब्याची पिशवी, टेबलावरचा पट्टा, लॅपटॉपचं कव्हर, सोफ्याच्या उशा यांना मी डोळे झाकून हेच घेते. भाजीच्या पिशवीला हातमागाचा खण लावणं मला पटत नाही. ते कापड कोणाच्या तरी हाताने मागावर तासन् तास बसून विणलेलं आहे. बटाटे-कांद्यांच्या ओझ्याने ते महिन्याभरात फाटावं हे बरं नव्हे.

यंत्रमागाच्या पिशवीला 14 नंबरची सुई, आतून जाड कॅनव्हास आणि बंदांच्या मुळाशी चौकोनात फुलीची शिलाई घातली की ती वर्षानुवर्षं टिकते. इस्त्री मात्र मंद आणि वर सुती कापड ठेवूनच करावी. तापलेली इस्त्री थेट लागली तर चकचकीत डाग पडतो आणि तो निघत नाही. फ्युजिंगला उष्णता लागते आणि कापडाला ती सोसत नाही, म्हणून मी फ्युजिंग खणाला न चिकटवता अस्तराला चिकटवते. आणि अंगावर घालायचा कपडा असेल तर आपल्याकडचा उन्हाळा लक्षात ठेवा. एप्रिलमध्ये सांगलीत पॉलिस्टरच्या खणाचा बंद गळ्याचा कुर्ता घालून लग्नाला जाणं म्हणजे शिक्षा आहे. बिनबाह्यांचं, पुढून उघडं जॅकेट त्यातल्या त्यात सुसह्य.

हातमागाचा म्हणून यंत्रमागाचा खण खपवला जातो, हे सर्रास चालतं. ऑनलाइन मागवलेल्या एका खणावर ठळक अक्षरांत हातमाग लिहिलेलं होतं आणि किंमतही तशीच घेतली होती. घरी मी कडेचा एक ताण्याचा आणि एक बाण्याचा धागा वेगळा काढून चिमट्यात धरून जाळला. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राख उरते. खऱ्या रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राहिलेला मणी बोटांनी चुरडता येतो. कृत्रिम रेशीम सुतासारखंच जळतं. पॉलिस्टर वितळतं, आक्रसतं आणि टणक काळा मणी राहतो. माझ्या त्या खणाचे दोन्ही धागे टणक मण्यांवर आले. मी फोटो पाठवले, कापड परत केलं, पैसे मिळाले. पण ज्या बाईला ही परीक्षा ठाऊक नाही ती तसाच शिवून टाकेल आणि हातमागाचा खण असाच असतो असं समजेल, याचं मला जास्त वाईट वाटलं. धागा जाळताना स्टीलची ताटली खाली घ्या, शेजारी पाणी ठेवा. शक्य असेल तर हातमाग चिन्हाचं लेबल असलेलं कापड घ्यावं; सरकारने ते 2006 साली सुरू केलं. आणि दुरंगी झळाळामुळे फोटोतला रंग आणि हातातला रंग यांत फरक पडतोच, त्यामुळे मी हातमागाचा खण आता दुकानात, दारात उजेडाला नेऊन बघितल्याशिवाय घेत नाही.

दुकानाचा विषय निघालाय तर सांगते. कोल्हापुरात महाद्वार रोडच्या परिसरात खण घ्यायला गेलं की दुकानदार आधी विचारतात, "ताई, ओटीला पाहिजे का शिवायला?" हा प्रश्न अगदी रास्त आहे. एका दुकानातल्या वयस्कर काकांनी मला दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवून दाखवले. म्हणाले, "हा देवीला वाहायचा. याला कोण शिवत नाही, फिरत राहतो. हा शिवायचा, याला हात लावून बघा." अंबाबाईच्या ओटीतला खण या घरातून त्या घरात जात राहतो, त्यामुळे त्याची वीण विरळ, खळ कडक आणि लांबी जेमतेम ब्लाउजपुरती असते. काकांनी त्यात काही लपवलं नाही, आणि म्हणून मी त्यांच्याकडे परत परत जाते.

तरीही ओटीचे ते खण कपाटात साठतात आणि ते वाया घालवायला माझं मन होत नाही. कोणीतरी हळदीकुंकू लावून, तांदूळ-नारळासकट पदरात घातलेले असतात. माझ्या सासूबाईंच्या ट्रंकेत तर असे कितीतरी निघाले, घड्यांवर पिवळ्या रेघा पडलेले. त्यांचा ब्लाउज शिवू नका, पहिल्या धुण्यात खळ गेली की कापड जाळीसारखं होतं. मी त्यांच्या वाणाच्या पिशव्या करते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू असतं. एका खणातून तिळगूळ आणि लहानसं वाण मावेल अशा सहा-सात पिशव्या होतात. आत जुन्या सुती साडीचं अस्तर, तोंडाला टिचबटण किंवा नाडी. आमच्या गल्लीत त्या पिशव्या मागून घेऊन जातात, आणि पुढच्या वर्षी त्यातलीच एखादी माझ्याकडे वाणासकट परत येते.

याच खणांची गोधडीही होते, फक्त रीत वेगळी. प्रत्येक खणाचं आटणं वेगळं, म्हणून ते एकमेकांना जोडून मोठं कापड करू नये, पाण्यात पडलं की आखडतं आणि फुगे येतात. खाली जुन्या नऊवारीचे दोन थर पसरायचे, त्यावर धुऊन इस्त्री केलेले खणाचे चौकोन कडा दुमडून ठेवायचे आणि मध्यापासून बाहेर जवळजवळ धावदोरा घालत जायचं. धावदोऱ्याच्या ओळी बोटाच्या पेराइतक्या अंतरावर असल्या की विरळ कापडही धरून राहतं. हे काम मशीनवर मला आवडत नाही, मशीनच्या टिपेने गोधडी ताठ होते. रात्री जेवणं झाल्यावर सासूबाई एका टोकाला आणि मी दुसऱ्या टोकाला बसतो. कोणता खण कोणाच्या बारशाचा आणि कोणता कोणाच्या डोहाळजेवणाचा हे त्या मला शिवता शिवता सांगतात, मी त्या चौकोनाच्या कोपऱ्यात रेशमाने नाव घालते.

चिंध्यासुद्धा टाकवत नाहीत. काठाच्या अरुंद पट्ट्या साध्या सुती कुर्त्याच्या बाहीला किंवा खिशाच्या तोंडाला लावल्या की कुर्ता उठून दिसतो. बुट्टीचे छोटे तुकडे पुठ्ठ्यावर चढवून वहीच्या कव्हरात बसवते. केसांचे रबर मात्र हातमागाच्या खणाचे करू नयेत, मागचे मोकळे धागे केसांत अडकतात; यंत्रमागाचे आतून दुमडून चालतात.

कोणी मला विचारलं की सुरुवात कशाने करू, तर मी सांगेन की अर्धा मीटर यंत्रमागाचा खण घ्या आणि त्याची पिशवी शिवा. या बुट्टीच्या कापडावर सुई, टाका, इस्त्री यांचा अंदाज येईल. मग कपाटातला एखादा ओटीचा खण काढून त्यावर दुमडशिवण आणि नाडीची पट्टी करून बघा. हात बसला की हातमागाचा एकच चांगला तुकडा आणा आणि त्याचे बटवे करा. पैशांचं म्हणाल तर हातमागाचा खण महाग असूनही मला तो स्वस्तच वाटतो, कारण तो योग्य जागी वापरला तर टिकतो. आमच्या घरी आईच्या खणाच्या चोळीचा एक तुकडा अजून आहे. शिवण विरली, पण कापडाचा रंग आणि काठ जसाच्या तसा आहे. मात्र रोज वापरायची, ओढाताण होणारी, घाईत धुवायची कुठलीही वस्तू असेल तर तिथे यंत्रमागाचा खणच घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

येत्या दिवाळीच्या सुट्टीत मी थेट गुळेदगुड्डला जाणार आहे. थोरल्या भाचीला आता 30 इंचांची उंची पुरत नाही, तिच्या परकराला खाली दुसरा काठ जोडावा लागेल. मूळ कापडाशी जुळणारा काठ दुकानात मिळणं कठीण, मागावरच्या माणसाशी बोललं तर एकाच ताण्यातले दोन तुकडे मिळतील अशी आशा आहे. जाताना टेप बरोबर नेणार. पन्हा दुकानदार अंदाजाने सांगतात, आणि आटणारं बोटभर कापड हिशेबात धरून परकराची उंची मोजायची तर अर्धा इंचही सोडून चालत नाही.